शिंप्याची चोच आणि सूत्रकृमीची सुई

रुंद पानांच्या एकाच झाडावर दोन बिऱ्हाडं एकाच महिन्यात नांदू शकतात: वर पानात शिंपी पक्ष्याचं आणि खाली मुळात गाठी करणाऱ्या सूत्रकृमीचं. शिंपी म्हणजे ऑर्थोटोमस सुटोरियस. सूत्रकृमी म्हणजे शेतकरी ज्यांना सरसकट ‘निमॅटोड’ म्हणतात त्यांपैकी मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा. पहिल्याचं कौतुक होतं, दुसऱ्याचा बंदोबस्त. पण दोघांचा धंदा एका बाबतीत सारखा आहे. दोघंही जिवंत झाडाला टोचतात आणि टोचलेला भाग मरू देत नाहीत. पान वाळलं की शिंप्याचं घरटं गेलंच. मुळातल्या ठरावीक पेशी मेल्या की सूत्रकृमीची मादीही उपाशी मरते. या मुद्द्यावर दोघांना शेजारी ठेवलं की बागेत कुठे हात घालायचा आणि कुठे नाही, हे बरंच स्पष्ट होतं.

आधी मापं पाहू. शिंपी शेपटीसकट १० ते १४ सेंटिमीटर, वजन ६ ते १० ग्रॅम. विणीच्या हंगामात नराच्या शेपटीची मधली दोन पिसं लांब होतात, त्यामुळे लांबीत एवढा फरक पडतो. सूत्रकृमीचं मुळात शिरणारं पिल्लू दुसऱ्या अवस्थेतलं असतं, कारण पहिली कात ते अंड्यातच टाकून मोकळं होतं. त्याची लांबी सुमारे ०.४ मिलिमीटर आणि जाडी १५ मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस याच्या चार-पाच पट जाड. त्याला तराजूत घालणं शक्य नाही, पण हिशेब मांडता येतो. एवढ्या मापाची नळी पाण्याइतकी जड धरली तर एक पिल्लू ०.०७ मायक्रोग्रॅमच्या घरात जातं. आठ ग्रॅमच्या एका शिंप्याशी पारडं बरोबर करायला अशी दहा कोटींहून जास्त पिल्लं लागतील. म्हणून माती हातात घेऊन ‘निमॅटोड दिसत नाहीत’ म्हणण्यात काही अर्थ नाही. ते तसे दिसणारच नाहीत.

आता टोचण्याबद्दल. शिंप्याची मादी रुंद, लवचीक पान निवडते, त्याच्या दोन्ही कडांना चोचीच्या टोकाने ओळीने बारीक भोकं पाडते आणि त्यांतून कापसाचा तंतू, कोळ्याच्या जाळ्याचा धागा, किड्याच्या कोशाचं रेशीम असलं काहीतरी ओढून घेते. आपण याला शिवण म्हणतो, पण सलग दोरा नसतो. टाके बहुतेक सुटे असतात. भोकातून पलीकडे आलेलं तंतूचं टोक पिंजून फुलतं आणि रिव्हेटच्या डोक्यासारखं तिथेच अडकून बसतं. एका घरट्याला असे दीडशे-दोनशे टाके लागू शकतात. पान लहान पडलं तर शेजारचं पान ओढून घेतलं जातं. झालेल्या द्रोणात मग कापूस आणि मऊ तंतूंची वाटी बसवली जाते.

या कामात दोन गोष्टी फार हुशारीने सांभाळलेल्या आहेत. एक, पानाची वरची, गडद हिरवी बाजू बाहेर राहते. त्यामुळे घरटं भरल्या झुडपात इतर पानांसारखंच दिसतं. दुसरी अधिक महत्त्वाची: भोकं इतकी बारीक असतात की त्यांच्याभोवती पान तपकिरी पडत नाही. सगळी टोचाटोची कडेला, मधली शीर शाबूत, देठातून पाणी येणं चालू. म्हणजे पान महिनाभर हिरवं राहतं आणि भार पेलतं. हे बिघडतं कधी? पान फार कोवळं असलं तर टाक्यावर ताण येऊन फाटतं. फार जून असलं तर वळवताना चिरतं. भोकं अगदी काठावर पडली तर कडेची पट्टीच निघून येते. आणि माणसाने ‘जरा नीट दिसावं’ म्हणून फांदी वाकवली तर यातलं काहीही होऊ शकतं.

या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन थॉमस पेनंट यांनी १७६९ मध्ये केलं. सूत्रकृमीच्या गाठींना आणखी शंभरेक वर्षं वाट पाहावी लागली: १८५५ मध्ये माइल्स बर्कली यांनी इंग्लंडमधल्या काचघरातल्या काकडीच्या मुळांवर त्या नोंदवल्या. पानातलं घरटं बघायला मान वर करावी लागते, गाठी बघायला झाड उपटावं लागतं. हा उशीर तसा समजण्यासारखा आहे.

सूत्रकृमीची सुई म्हणजे त्याच्या तोंडातला पोकळ काटा, स्टायलेट. पिल्लात त्याची लांबी १० ते १२ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. पिल्लू मुळाच्या टोकाच्या किंचित मागून, मूळ जिथे लांबत असतं तिथून आत घुसतं. नुसत्या जोरावर हे जमत नाही. त्याच्या अन्ननलिकेला तीन ग्रंथी जोडलेल्या असतात, दोन पोटाच्या बाजूला आणि एक पाठीच्या बाजूला. शिरताना मुख्यतः पोटाकडच्या दोन कामाला लागतात आणि सेल्युलोज व पेक्टिन विरघळवणारी विकरं सोडतात. ही विकरं प्राण्यांकडे सहसा नसतात. त्यांची जनुकं या सूत्रकृमींच्या पूर्वजांकडे जिवाणूंकडून आलेली आहेत, आणि २००८ मध्ये या जातीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला तेव्हा अशा उसन्या जनुकांची मोठी यादीच हाती आली.

आत शिरल्यावर पिल्लू सरळ वर जात नाही. पेशींच्या मधल्या फटींतून आधी मुळाच्या टोकाकडे उतरतं, तिथे वळसा घेतं आणि मग मधल्या वाहिन्यांच्या जुडग्यातून वर चढतं. हा उलटा फेरा उगीच नाही. वाहिन्यांभोवती पेशींचा जो बंदिस्त थर असतो तो टोकाशी अजून पक्का झालेला नसतो. भिंत फोडण्यापेक्षा भिंत बांधून झालेली नाही तिथून आत शिरणं सोपं.

मग पाच ते सात पेशींशी डोकं टेकवून ते कायमचं मुक्कामाला बसतं. स्टायलेट पेशीची भित्ती टोचतो, पण आतलं पटल फाडत नाही. इथे शिंप्याशी खरं साम्य आहे, आणि खरा फरकही इथेच. शिंपी जखम लहान ठेवून सुटतो. सूत्रकृमी झाडाची तक्रारच दाबून टाकतो आणि त्याच्याकडूनच हवं ते करवून घेतो. पाठीकडच्या ग्रंथीच्या स्रावांनी त्या पेशींची केंद्रकं पुन्हा पुन्हा विभागत राहतात, पेशी मात्र दुभागत नाही. एकेका पेशीत कित्येक डझन, कधी शंभरावर केंद्रकं साठतात, आकार मूळ पेशीच्या शेकडो पट होतो. या राक्षसी पेशी झाडाचं अन्न ओढून घेत राहतात आणि सूत्रकृमी ते पीत राहतो. आजूबाजूच्या पेशी फुगतात, वाढतात, आणि बाहेरून आपल्याला दिसते ती गाठ. गाठ हा बाहेरचा परिणाम. सगळा कारभार आतल्या त्या पाच-सात पेशींवर चालतो.

पिल्लू फुगत जातं तसे हालचालीचे स्नायू निकामी होतात. तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेत त्याला स्टायलेटही नसतो, खाणं बंद असतं. प्रौढ मादी पुन्हा स्टायलेट घेऊन उभी राहते, पण आता ती अर्धा-पाऊण मिलिमीटरची, मानेला निमुळती, खाली गोल अशी पांढरी गोळी असते. तिला जागा बदलता येत नाही. त्या पेशी मेल्या की तिचंही संपलं.

प्रतिकारक टोमॅटो याच गोष्टीचा फायदा घेतात. सोलॅनम पेरुव्हियानम या रानटी टोमॅटोतलं ‘एमआय’ जनुक १९४० च्या दशकात लागवडीच्या टोमॅटोत आणलं गेलं. संकरित बी एरवी तगत नव्हतं, म्हणून कोवळा गर्भ काढून माध्यमावर वाढवावा लागला. हे जनुक असलेल्या मुळात पिल्लू शिरतं, पेशी निवडतं आणि नेमक्या त्याच पेशी झाड स्वतःहून मारून टाकतं. पिल्लू उपाशी राहतं, गाठ होत नाही. घोटाळा तापमानाचा आहे. मातीचं तापमान २८ अंश सेल्सियसच्या वर टिकून राहिलं की हा प्रतिकार ढिला पडतो. ‘प्रतिकारक वाण लावला तरी गाठी आल्या’ असं दिसलं तर बियाण्याला दोष देण्याआधी मुळाशी, १० सेंटिमीटर खोल थर्मामीटर खोचून पाहावा. आच्छादन टाकून माती थंड ठेवली तर फरक पडतो. शिवाय हे जनुक मेलॉयडोगायनी हाप्ला या थंड भागातल्या भावंडावर चालत नाही.

आता पोरंबाळं. शिंपी रोज एक अशी बहुधा तीन अंडी घालतो, उबवणं सुमारे १२ दिवस, पिल्लं घरट्याबाहेर पडायला आणखी १४ दिवस. सगळं मिळून महिना. सूत्रकृमीचा फेरा मातीचं तापमान २७ अंशांच्या आसपास असेल तर २५ ते ३० दिवसांचा. तोही महिनाच! पण त्या महिन्यात एक मादी ३०० ते ५०० अंडी घालते, तीही चिकट जेलीच्या गोळ्यात, जो बहुतेक वेळा गाठीच्या पृष्ठभागावर चिकटलेला असतो. नराची गरज नाही. अंडी फलनाशिवायच वाढतात. मुळात गर्दी झाली, अन्न कमी पडलं की नर जास्त निपजतात आणि मुळातून बाहेर निघून जातात, म्हणजे खाणारी तोंडं कमी होतात. समजा ४०० अंड्यांतली फक्त पाच टक्के पिल्लं मादी होईपर्यंत टिकली. पहिल्या पिढीत २०, दुसरीत ४००, तिसरीत ८,०००. तीन-चार महिन्यांच्या पिकात हे सहज बसतं. लागवडीच्या वेळी नगण्य वाटलेली संख्या शेवटच्या तोडणीला झाड का झोपवते, ते या गुणाकारात आहे.

पक्षी अंड्यांना स्वतःची ऊब देतो. सूत्रकृमीचं घड्याळ मातीच्या हातात असतं. माती १६-१७ अंशांवर असेल तर तोच फेरा दोन महिन्यांहून लांबतो. म्हणून थंड हंगामात तेच रान सोसतं आणि उन्हाळी पिकात बसतं.

दोघांच्याही संसारात घुसखोर आहेत. शिंप्याच्या घरट्यात काही जातींच्या कोकिळा अंडं टाकतात आणि शिंपी आपल्याहून मोठं पिल्लू भरवत बसतो. सूत्रकृमीच्या बाबतीत पाश्चुरिया पेनेट्रान्स हा जिवाणू आहे. त्याचे बीजाणू मातीतून जाणाऱ्या पिल्लाच्या कातडीला चिकटतात, मादी मोठी होते, पण तिच्या पोटात अंड्यांऐवजी लाखो बीजाणू भरतात. यात अडचण अशी, की जिवाणूचा प्रत्येक वाण प्रत्येक सूत्रकृमीला चिकटत नाही. एका रानात चाललेला दुसऱ्या रानात फुकट जातो.

ओळखायचं कसं, यात शिंपी सोपा. शरीराच्या मानाने फार मोठा, एकसारखा ‘टुविट-टुविट’ आवाज, उभी शेपटी, डोक्यावर तांबूस टोपी, ओरडताना मानेच्या बाजूला उघडा पडणारा काळसर पट्टा. घरटं शोधायचं तर झुडपात फिरू नका. बाहेरून पानांच्या कडांवर पांढऱ्या कापसाचे बारीक ठिपके ओळीने दिसतात का पाहा. आवाज बदलून जलद, टोचरा झाला म्हणजे तुम्ही घरट्याच्या फार जवळ आहात. तिथून मागे व्हायचं.

सूत्रकृमीचं उलट आहे. वरची लक्षणं सगळी फसवी. ओल असूनही दुपारी माना टाकणं, पिवळेपणा, खुरटलेले पट्टे पाहून लोक खत टाकतात. खरी तपासणी मुळाची. झाड उपटू नका, गाठी असलेली बारीक मुळं तुटून मातीतच राहतात. खोडाभोवती २०-२५ सेंटिमीटर खोल खणून ढेकळासकट उचला, बादलीत १०-१५ मिनिटं भिजू द्या, मग हलक्या हाताने खळबळा. नळाची जोरदार धार नको, अंड्यांचे गोळे धुऊन जातात. द्विदल पिकात नत्राच्या गाठींशी गल्लत होते. ती गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सुटते आणि जिवंत असेल तर आतून गुलाबी निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. सुटत नाही, ओढली तर मूळ तुटतं. शंका राहिली तर गाठ ब्लेडने उभी कापून १० पट भिंगाखाली धरा, मोत्यासारखी पांढरी मादी दिसते. मोजणीसाठी ० ते ५ अशी श्रेणी वापरतात: गाठी नसतील तर ०, एक-दोन असतील तर १, तीन ते दहा २, अकरा ते तीस ३, एकतीस ते शंभर ४, त्यापुढे ५. अंड्यांचे गोळे मोजायचे तर लिटरभर पाण्यात ०.१५ ग्रॅम फ्लॉक्झिन-बी हा लाल रंग विरघळवून मुळं १५-२० मिनिटं बुडवावीत. गोळे लाल होतात, मूळ फारसं रंगत नाही.

मातीतली पिल्लं बघायला नरसाळ्याची पद्धत अजूनही सर्वांत सोपी. नरसाळ्याच्या नळीला रबरी नळी जोडून चिमटा लावा, वर जाळी, जाळीवर टिश्यू कागद, त्यावर ५० ते १०० ग्रॅम ओलसर माती पातळ पसरा. मातीला खालून जेमतेम स्पर्श होईल इतकं पाणी भरा. पिल्लं कागदातून निसटून खाली पाण्यात येतात, त्यांना पोहून वर जाता येत नाही, म्हणून तळाशी साठतात. २४ ते ४८ तासांनी चिमटा सैल करून पहिलं १०-२० मिलिलिटर पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघा. बहुतेकांचं इथे चुकतं: मातीचा थर जाड होतो, पाण्यात प्राणवायू कमी पडतो, पिल्लं मलूल होऊन येतच नाहीत आणि अहवालात ‘प्रादुर्भाव नाही’ लिहिलं जातं. नमुना उन्हात ठेवलेल्या पिशवीतून आला तरी हेच. आणि मुळातल्या माद्या व अंडी या पद्धतीत येत नाहीत, हे विसरू नये. पीक निघाल्यानंतर कोरड्या रानातून घेतलेला नमुना तर निव्वळ दिलासा देण्याच्या कामाचा.

झेंडूबद्दल थोडंसं. पिकाच्या कडेने चार रोपं लावून काही होत नाही. झेंडूचा उपयोग जिवंत मुळांतल्या रसायनांमुळे होतो, म्हणून दाट लावून, किमान दोन महिने, दुसरं काही न लावता आणि तण न ठेवता वाढवला तरच. मध्ये उगवलेलं, सूत्रकृमीला पोसणारं एखादं तण सगळी मेहनत वाया घालवतं.

शिंपी बागेत असला म्हणजे निमॅटोड कमी होतील, हाही गैरसमज ऐकू येतो. शिंपी पानांवरचे किडे टिपतो, मातीतल्या ०.४ मिलिमीटरच्या जिवाशी त्याचा संबंध येत नाही. संबंध येतो तो औषधातून. कार्बोफ्युरॉनचे दाणे सूत्रकृमींसाठी वर्षानुवर्षं वापरले गेले, आणि वाळूचे खडे समजून ते टिपणारे छोटे पक्षी एका दाण्यानेही मरू शकतात. शिंपी दाणे टिपणारा नाही, पण विष खाल्लेले किडे तो खातो. अमेरिकेने अन्नपिकांवर या औषधाचा अवशेष राहण्याची मुभाच २००९ च्या अखेरीस काढून घेतली. दाणे मातीवर उघडे टाकणं हे तर कुठल्याच औषधाच्या बाबतीत करू नये.

खरा पेच हंगाम संपताना पडतो. गाठी असलेलं झाड लवकर काढलेलं बरं, कारण उशीर होईल तितकी अंडी वाढतात. पण वर घरटं चालू असेल तर झाड पाडणं म्हणजे पिल्लं मारणं. अशा वेळी त्या एका झाडापुरतं थांबावं, बाकीचं रान मोकळं करावं. अंडी नुकती घातली असतील तर चार आठवडे, पिल्लं असतील तर दोन. तेवढ्यात खाली आणखी एक पिढी निघेल, हे गृहीत धरा. त्या झाडाभोवतीची माती दुसरीकडे नेऊ नका, कुदळ-फावडं धुऊनच पुढच्या वाफ्यात घाला. सूत्रकृमी स्वतःच्या बळावर वर्षात जेमतेम मीटरभर सरकतो, लांबचा प्रवास तो आपल्या अवजारांवर, रोपांवर आणि पाण्याबरोबर करतो. पिल्लं उडाली की मुळं पूर्ण खणून काढून उन्हात कडक वाळवा, कंपोस्टमध्ये टाकू नका. मग माती भिजवून २५ मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिक कागद ताणून अंथरा, कडा मातीत गाडा आणि कडक उन्हाचे चार ते सहा आठवडे तसाच ठेवा. काळा कागद नको, तो स्वतः तापतो, माती तितकी तापत नाही. कोरड्या मातीवरही घालू नका, उष्णता खाली उतरत नाही. याने वरचा १५-२० सेंटिमीटरचा थर साफ होतो, त्याखालचे वाचतात. म्हणून नंतर खोल नांगरट करून खालची माती वर आणू नये.